फरजियात आणि मरजियात

मागच्या रविवारी सकाळी मी शेव-उसळीसाठी वाटाणे कुकरला लावत होते आणि भाचीचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र. ती तिथल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत लॅब सांभाळते, दोन वर्षं झाली. तिने स्क्रीनवर एक फॉर्म उघडून दाखवला आणि म्हणाली, आत्या, वरचा भाग तर आपोआप भरलेलाय, हा खालचा रिकामा सोडला तर चालेल ना?

वरचा भाग म्हणजे सक्तीचा रिटायरमेंट प्लॅन, तिच्या पगारातून काही टक्के आणि युनिव्हर्सिटीचे काही टक्के. खालचा भाग म्हणजे ऐच्छिक, ज्याला तिकडे सप्लिमेंटल म्हणतात, ४०३-बी आणि ४५७-बी असे दोन रकाने, आणि शेजारी टक्के लिहायला मोकळी जागा. यात युनिव्हर्सिटी आपल्याकडून एक डॉलरही टाकत नाही, मग मी तरी का टाकू, असं तिचं म्हणणं. आणि मला एकदम माझा २००८ चा फॉर्म आठवला.

आमच्याकडे बडोद्यात ऑफिसचे बरेचसे कागद गुजरातीत असतात. मी पर्मनंट झाले तेव्हा पगारातल्या कपातीचा जो कागद हातात आला त्यावर दोन मथळे होते, वर ‘फरजियात’ आणि खाली ‘मरजियात’. फर्ज म्हणजे करावंच लागतं ते आणि मर्जी म्हणजे वाटलं तर. मराठीत आपण सक्तीचं आणि ऐच्छिक म्हणतो पण मला ती गुजराती जोडीच जास्त आवडते, बोलायला पण छान. वरच्यात प्रोफेशनल टॅक्स, नवीन पेन्शनचे १० टक्के वगैरे. खालच्यात क्रेडिट सोसायटीचं रिकरिंग, विम्याचा हप्ता, अजून काय काय. मी खाली एक आडवी रेघ मारली आणि सही केली. तेव्हा ३२ वर्षांची होते, मुलगा दोन वर्षांचा, घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलेलं, आणि सात वर्षं हंगामी म्हणून काढल्यावर पहिल्यांदा पूर्ण पगार हातात येणार होता, त्यातला एक रुपया पण कमी नको होता मला. चूक वाटलीच नाही ती.

त्यात घरी वातावरण वेगळं होतं. सासरे जुन्या पेन्शनचे. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर दर सहा महिन्यांनी वाढणारा महागाई भत्ता, आणि ते जेव्हा म्हणायचे की पेन्शन आहे ना मग काळजी कसली, तेव्हा ते त्यांच्यापुरतं अगदी खरं होतं. पण गुजरातमध्ये १ एप्रिल २००५ पासून जे लागले त्यांना ती पेन्शन नाही. (केंद्रात १ जानेवारी २००४ पासून, मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून, माझी नणंद ग्वाल्हेरला आहे म्हणून तेही पाठ आहे.) मी कामाला लागले २००१ मध्ये पण हंगामी, ती वर्षं धरलीच नाहीत, पर्मनंट २००८ ला, म्हणजे मी नवीन पेन्शनवाली. एकाच घरात, एकाच डायनिंग टेबलवर दोन वेगळे कायदे बसून जेवत होते आणि आम्हाला कुणाला ते कळत नव्हतं. नव्या पद्धतीत ठरलेली पेन्शन असं काही नाही, आपल्या खात्यात जे जमलंय आणि बाजारात जे वाढलंय ते. रिटायर होताना त्यातले जास्तीत जास्त ६० टक्के एकदम मिळतात, तेवढे टॅक्स-फ्री, आणि आम्हा सरकारी वर्गातल्यांना किमान ४० टक्क्यांची अॅन्युइटी घ्यावीच लागते, म्हणजे ते पैसे विमा कंपनीला देऊन त्यातून दरमहा पेन्शन, जिच्यावर टॅक्स लागतो आणि जी साधारणपणे महागाईबरोबर वाढत नाही. हे मला नीट कळलं २०१५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी. २००१ पासूनची १४ वर्षं गेली.

आता आमच्या सेक्शनमधल्या मोठ्या बेनबद्दल सांगते, कारण भाचीला पण मी तेच सांगितलं. आम्ही सगळे त्यांना मोठ्या बेनच म्हणायचो. त्या लायब्ररीत अटेंडंट म्हणून लागल्या आणि क्लार्क म्हणून रिटायर झाल्या, पगार कधीच मोठा नव्हता, मिस्टर लवकर गेले, दोन मुली. त्या जुन्या लोकांपैकी, म्हणजे त्यांना पेन्शन होतीच आणि जीपीएफ, म्हणजे सरकारी नोकरांचा प्रॉव्हिडंट फंड, तो पण होता, जीपीएफला किमान कपात ६ टक्के असते आणि त्याच्या वर किती कापायचे ते आपल्या मर्जीवर. तर त्यांची पद्धत अशी की महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, जानेवारीचा आणि जुलैचा, तो जाहीर झाला की त्या अकाउंट्समध्ये जाऊन अर्ज द्यायच्या की वाढलेल्यातले अर्धे पीएफमध्ये कापा. हातात येणारा पगार कधी कमी झाला नाही, थोडा वाढतच राहिला, आणि कपात पण वाढत राहिली. आम्ही तरुण मुली त्या एरियर्समधून (मागच्या महिन्यांचा फरक एकदम मिळायचा त्यातून) मंगळबाजारात जाऊन ड्रेस मटेरियल आणायचो आणि बेन त्यांचा अर्ज घेऊन जिना उतरायच्या. रिटायर झाल्या तेव्हा त्यांनी धाकटीचं लग्न, तांदळजाला छोटा फ्लॅट, दोन्ही केलं, आणि कुणापुढे हात पसरला नाही. मी त्यांना विचारलं होतं की हे तुम्हाला कुणी शिकवलं, तर म्हणाल्या, हाथमां आवे तो वपराई जाय. हातात आलं की खर्च होतं. एवढंच.

आणि ऐच्छिक बचतीचं सगळं तंत्र याच्यातच आहे असं माझं आता पक्कं मत झालंय. पैसे हातात यायच्या आधी गेले पाहिजेत. महिनाअखेर उरलेले बाजूला टाकू हे माझ्याकडून सात वर्षांत एकदाही झालं नाही आणि मी उधळी बाई नाहीये. भाचीला म्हटलं, युनिव्हर्सिटी डॉलर टाकत नाही हे खरं, पण ती तुझ्या पगारातून तुझ्या आधी कापून घेते, टॅक्स लागायच्या आधी कापते, आणि दर महिन्याला न विसरता कापते, हे पण एक देणंच आहे.

मग आम्ही दोघी तासभर तो फॉर्म घेऊन बसलो, वाटाण्यांच्या किती शिट्ट्या झाल्या देव जाणे. मला तिकडचं काही माहीत नव्हतं, तिने वाचून दाखवलं आणि नंतर मी स्वतः बरंच शोधून वाचलं, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा. ४०३-बी हे नाव त्यांच्या टॅक्सच्या कायद्यातल्या कलमाचं, १९५८ पासून आहे, शाळा-कॉलेज-हॉस्पिटलसारख्या संस्थांच्या नोकरांसाठी. २०२५ साली एका वर्षात त्यात २३,५०० डॉलरपर्यंत स्वतःचे टाकता येत होते, पन्नाशी उलटलेल्यांना वर ७,५००. आणि ४५७-बी ची मर्यादा वेगळी मोजतात, म्हणजे ज्या सरकारी युनिव्हर्सिटीत दोन्ही आहेत तिथे एखादा माणूस दोन्ही भरू शकतो, २०२५ ला ते मिळून ४७,००० डॉलर होत होते. अर्थात तेवढे भरणारे कोण असणार, मोठे डॉक्टर-प्रोफेसर. पण एक फरक तिच्या कामाचा निघाला. ४०३-बी मधून साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी पैसे काढले तर टॅक्स तर लागतोच आणि साधारणपणे १० टक्के दंड पण. सरकारी युनिव्हर्सिटीच्या ४५७-बी ला नोकरी सोडल्यावर तो दंड नाही, फक्त टॅक्स. आता हिचं अजून नक्की नाही, पाच वर्षांनी बडोद्याला परत येते का तिथेच राहते, आमची वहिनी तर रोज देवाजवळ तेच विचारते. म्हणून मी म्हटलं, तुझ्यासाठी आधी ४५७ चा रकाना बघ. प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत असतीस तर असं म्हटलं नसतं कारण तिथलं ४५७ वेगळं, तिथे ते पैसे संस्थेच्याच मालमत्तेत धरतात आणि संस्था बुडाली तर देणेकऱ्यांच्या रांगेत आपण.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली ती मला फार लागली. अँड्र्यू कार्नेगी, पोलादवाला, १८९० मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा ट्रस्टी झाला आणि प्रोफेसरांचे पगार बघून त्याला धक्का बसला, इतक्या कमी पगारात हे लोक म्हातारपणासाठी काय ठेवणार. मग १९०५ मध्ये त्याने एक कोटी डॉलर देऊन फाउंडेशन काढलं, कॉलेजच्या शिक्षकांना फुकट पेन्शन. आणि ते पैसे पुरेनात. लोक वाढले, हिशेब चुकला. शेवटी १९१८ मध्ये टीआयएए नावाची संस्था उभी केली जिच्यात शिक्षक पण भरणार आणि कॉलेज पण भरणार. भाचीच्या फॉर्मवर त्याच टीआयएए चं नाव आहे, शंभर वर्षांनंतर. म्हणजे जुनी पेन्शन की नवीन पेन्शन हा जो वाद आपण आता घालतोय, मोर्चे काढतोय (मी पण गेलेय, आणि हंगामी वर्षं धरली पाहिजेत या मागणीवर मी आजही ठाम आहे), तो त्यांच्याकडे पहिल्या महायुद्धाच्या वेळी होऊन गेला. आणि १९०८ मध्ये, त्याच काळात, आपल्या सयाजीरावांनी इथे मांडवीला बँक ऑफ बडोदा काढली, लोकांची बचत कामाला लागावी म्हणून. दोन्ही वाचताना मला वाटलं की पगारदार माणसाच्या म्हातारपणाची काळजी करणारी माणसं त्या वेळी होती.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो त्यांचा एक नियम. ४०३-बी चा प्लॅन संस्थेने एकदा एका नोकराला ऐच्छिक बचतीसाठी उघडला की तो जवळजवळ सगळ्यांना उघडावा लागतो. आठवड्याला वीस तासांपेक्षा कमी काम करणारे, शिकता शिकता काम करणारे विद्यार्थी असे काही अपवाद ठेवता येतात, पण डीनला आहे आणि झाडूवाल्याला नाही असं चालत नाही. सगळ्यांना सांगावं पण लागतं की असा प्लॅन आहे. हे वाचलं आणि माझी ती सात हंगामी वर्षं डोळ्यासमोर आली. साडेचार हजार पगार, सहीचा मस्टर वेगळा, आणि कपातीचा कागदच नाही. फरजियात पण नाही आणि मरजियात पण नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी कुणाला दोष देत बसत नाही, मला स्वतःला पण सुचलं नाही की पोस्टात जाऊन पीपीएफचं १५ वर्षांचं बचत खातं उघडावं, पण ज्याची नोकरी कच्ची त्याला बचतीची गरज जास्त आणि त्यालाच विचारणारं कुणी नाही, हे उलटं आहे आणि ते आजही तसंच आहे. आज तर हंगामी, कंत्राटी, फिक्स पगारवाले मिळून ऑफिसं चालतात.

त्या पीपीएफचा हिशेब मी एकदा करून बघितला, करायला नको होता पण केला. महिन्याचे हजार म्हणजे वर्षाचे १२,०००, दर एप्रिलच्या सुरुवातीला एकदम भरले आणि आजचा ७.१ टक्के दर धरला तर १५ वर्षांत आपले जातात १ लाख ८० हजार आणि होतात साधारण सव्वातीन लाख. ठीक आहे, फार काही नाही वाटत. पण तेच खातं पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवत २५ वर्षं चालू ठेवलं तर आपले जातात ३ लाख आणि होतात सव्वाआठ लाख. शेवटच्या दहा वर्षांत फक्त १ लाख २० हजार भरले आणि रक्कम पाच लाखांनी वाढली. २००१ मध्ये मी सुरू केलं असतं तर आता २५ वर्षं होत आली असती, आणि त्या वर्षी तर दर साडेनऊ टक्के होता. माझ्याकडून जे गेलं ते मोठ्या पगाराचे पैसे नव्हते, ती सुरुवातीची वर्षं होती, आणि ती आता कुठल्याही एरियर्समध्ये मिळत नाहीत.

(मुदत वाढवताना एक लक्षात ठेवा, १५ वर्षं पूर्ण झाल्यावर पुढे पैसे भरत राहायचं असेल तर एक वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो. आमच्या ओळखीत एकांचा राहिला. आणि महिन्याचं व्याज पाहिजे तर ५ तारखेच्या आत भरा, ६ ला भरले तर त्या महिन्याचं व्याज त्या पैशावर नाही.)

२०१५ ला मी काय केलं ते पण लिहिते. त्या वर्षी एनपीएसमध्ये, म्हणजे आमच्या त्या नवीन पेन्शनमध्ये, स्वतःहून जास्तीचे ५०,००० भरले तर टॅक्समध्ये वेगळी सूट मिळायला लागली, अकाउंट्समधल्या एका भाईने नोटीस बोर्डवर कागद लावला आणि मी पहिल्यांदा विचारायला गेले की जास्तीचे भरता येतात का. येतात, टियर-वन मध्ये, म्हणजे पेन्शनच्या मुख्य खात्यात, आपल्या मर्जीने कितीही. मी दोन हजारांपासून सुरू केलं, आणि बेनची पद्धत घेतली, भत्ता वाढला की अर्धा तिकडे. त्याच्या आधी मी प्रत्येक मार्चमध्ये एका ओळखीच्या काकांकडून एक विम्याची पॉलिसी घेत होते, टॅक्स वाचतो म्हणून, अशा चार पॉलिस्या झाल्या आणि चारही मिळून जे हातात येणार आहे ते बघून वाईट वाटतं. विमा पाहिजेच पण तो विमा म्हणून घ्यावा, म्हातारपणाचे पैसे वेगळे.

आता दोन-तीन वर्षांत नवीनच एक ऐकू येतं. नवीन टॅक्स रेजिममध्ये पीपीएफची सूट नाही, ते ५०,००० ची पण नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्सच लागत नाही, मग कशाला भरायचं? आमच्या ऑफिसातल्या तीन मुलांनी पीपीएफ भरणं बंद केलं. मी त्यांच्याशी भांडले म्हटलं तरी चालेल. अरे टॅक्स वाचवणं हे निमित्त होतं, साठीनंतरचं घर चालवणं हे काम आहे, आणि पीपीएफचं व्याज तर आजही टॅक्स-फ्रीच आहे. एक मात्र सरकारला सांगावंसं वाटतं की पीपीएफची वर्षाची मर्यादा २०१४ पासून दीड लाखावरच अडकलीय, तिकडे अमेरिकेत ती महागाई बघून वाढवत नेतात, इथे पण वाढवा.

आणि सगळे पैसे लांबच्या खात्यात पण टाकू नका, हे २०२४ च्या ऑगस्टने शिकवलं. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा दांडिया बाजार वाचला पण समाकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या घरात कमरेएवढं पाणी, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन्ही स्कूटर, गाद्या, सगळं गेलं. तिने पॉलिसी सरेंडर केली आणि भरले होते त्याहून कमी मिळाले. तिची काय चूक, हातात दुसरं काही नव्हतंच. तेव्हापासून मी आधी चार महिन्यांचा खर्च साध्या एफडीत ठेवायला सांगते आणि मग बाकीचं.

हे भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आत्या तू इकडे येऊन ओरिएंटेशन घे. मी म्हटलं मला इथेच खूप कामं आहेत. कारण त्याच आठवड्यात मी आमच्या एका कंत्राटी मुलीला घेऊन रावपुऱ्यातल्या बँकेत गेले होते. ३० वर्षांची आहे, लायब्ररीत पुस्तकं लावते, टॅक्स भरण्याएवढा पगार नाही. तिच्यासाठी अटल पेन्शन योजना बघितली, साठीनंतर महिना ५,००० ची हमी पाहिजे तर तिला दरमहा ५७७ रुपये, खात्यातून आपोआप जाणार. काउंटरवर तक्ता लावलेला होता तो तिने वाचला. १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला त्याच ५,००० साठी २१० रुपये. ४० व्या वर्षी १,४५४. चाळिशीनंतर दारच बंद. ती बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, बेन, माझा भाऊ १९ चा आहे, तो झोमॅटोवर जातो, त्याला उद्या घेऊन येऊ का?

आणला तिने. दोघांचे फॉर्म झाले.

आणि काल रात्री भाचीचा मेसेज आला, ४५७-बी समोर ५ टक्के लिहिलंय आणि दर वर्षी एक टक्का आपोआप वाढेल असा एक चौकोन होता त्यावर टिक केलीय, खाली स्क्रीनशॉट. मी चष्मा लावून मोठा करून बघितला. नॉमिनीची जागा रिकामी होती. आता रविवारी परत फोन करायचाय.